यादीत नाव नव्हतं, तिथून पुढे

परवा रात्री पावणेबाराला काटोलच्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, एमएसडब्ल्यूसाठी तीन ठिकाणी फॉर्म भरले होते. तिन्हीकडे नाही झालं. घरचे म्हणतात आता गुपचूप बीएड कर. मी काय करू?"

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. मी लगेच फोन लावणार होते. मग वाटलं, हे फोनवर दहा मिनिटांत सांगण्यासारखं नाही. आणि दर वर्षी या दिवसांत असे दोन-तीन मेसेज येतातच. म्हणून लिहून राहिले. माझं हे एकदा नाही, दोनदा झालंय.

पहिल्यांदा, जुलै २०२२. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी दुपारची लाइट गेलेली. मी पलंगावर बसून मोबाइलवर एमएसडब्ल्यूच्या प्रवेशयादीची पीडीएफ वर-खाली करत होते. माझं आडनाव दिसलं आणि छातीत धस्स झालं, पण ते दुसऱ्याच मुलीचं होतं. वेटिंगची यादी उघडली, त्यातही नाही. बीएस्सीला मला चांगले मार्क होते, दोन वर्षं एनएसएस केलं होतं, सात दिवसांचं शिबिर केलं होतं, कपाटात सर्टिफिकेटं होती. मला नाही म्हणतील हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबा महावितरणमधून रिटायर झालेले, स्वभावाने शांत. ते काहीच बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी संध्याकाळचा चहा त्यांनी केला. आत्या मात्र बोललीच. "समाजसेवेले कायची डिग्री लागते वं? पंगतीत वाढाले जा, झाली समाजसेवा."

आत्याचं ते वाक्य मला तेव्हा फार लागलं. आज तिला नीट उत्तर देऊ शकते, पण त्यासाठी मधली तीन वर्षं जावी लागली.

ज्या संस्थांनी मला नाही म्हटलं त्यांची नावं लिहीत नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका ठिकाणी प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले, तो विषय तिथेच संपला. दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेले आणि तिथे पडले. ती मुलाखत अजून शब्द न् शब्द आठवते. 'समाजकार्यच का?' असं विचारल्यावर मी पाठ केलेलं बोलायला लागले. महिला सक्षमीकरण, वंचित घटक, तळागाळातला माणूस. ओघात संजय गांधी निराधार योजनेचं नाव घेतलं. समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि साधंच विचारलं, "एखाद्या विधवा बाईला त्या योजनेचा अर्ज करायचा असेल, तर कोणकोणते कागद लागतील?" मी आधार कार्ड म्हटलं. रेशन कार्ड म्हटलं. आणि थांबले. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही योजना वाचली आहे, अर्ज केलेला नाही."

पंधरा दिवस मी त्या वाक्यावर रडले. मला तो अपमान वाटला होता. सोळाव्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत चार घरी भांडी घासणारी मावशी आली, आणि मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला निराधारचे पैसे मिळतात का?"

ती म्हणाली, "नाई वं माय. कोन करून देते?"

मावशी तेव्हा अठ्ठावन्नची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तेरा वर्षांपासून ती आमच्या घरात येत होती, आणि मी एनएसएसच्या शिबिरासाठी दूरच्या गावात जाऊन रॅली काढून आले होते. मी बाकी काही ठरवलं नाही. हा एक अर्ज शेवटापर्यंत न्यायचा, एवढंच ठरवलं.

तर कागद. वयाचा पुरावा. उत्पन्नाचा दाखला, वर्षाला एकवीस हजारांच्या आतला. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा रहिवासाचा दाखला. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. बँकेचं पासबुक. वाचायला दोन ओळी लागतात. आम्हाला सात महिने लागले.

सगळ्यात जास्त वेळ मृत्यूच्या दाखल्याने खाल्ला. मावशीचा नवरा वारला तो नागपुरात नाही, भंडारा जिल्ह्यात, पवनीकडे त्याच्या भावाच्या गावी. मृत्यूची नोंद होते ती जिथे मृत्यू झाला तिथे, माणूस राहायला कुठे होता त्यावर नाही. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आम्ही दोघी एसटीने गेलो. बायकांना अर्धं तिकीट तेव्हा सुरू व्हायचं होतं, मावशीने पदराच्या गाठीतून स्वतःचे पैसे काढले आणि मला तिकीट काढू दिलं नाही. ग्रामपंचायतीत नोंद सापडली. पण रेशन कार्डावर नवऱ्याचं पूर्ण नाव आणि रजिस्टरात घरी हाक मारायचे ते नाव. दोन्ही माणसं एकच, हे आता सिद्ध करायचं. मावशी त्या रजिस्टराकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "लिवलं हाय नं त्याचं नाव? कुठी हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून हळूच हात फिरवला. दीराने मागून म्हटलं, घाई करा, साहेब जेवायला जातील.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी वहीत सगळं लिहून काढलं. कोण काय म्हणालं, कोणत्या टेबलावर काय मागितलं, पुढच्या खेपेला काय न्यायचं. समाजकार्याच्या मुलांना क्षेत्रकार्याचा अहवाल असाच रोजच्या रोज लिहावा लागतो, हे मला नंतर कळलं. मी ते भीतीपोटी लिहीत होते, काही विसरलं तर मावशीचा एक दिवसाचा पगार पुन्हा बुडेल म्हणून.

नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र केलं. रहिवासासाठी जुन्या मतदार यादीतलं नाव कामी आलं. अर्ज समितीपुढे गेला आणि २०२३ च्या मार्चमध्ये मंजूर झाला. तेव्हा महिन्याला हजार रुपये होते, त्याच वर्षी जुलैत दीड हजार झाले. पहिल्या पैशातून मावशीने किराणावाल्याची उधारी दिली.

मंजुरीची बातमी घेऊन घरी आले तेव्हा मला खात्री होती, आता कोणी मला नाही म्हणू शकत नाही. पुन्हा फॉर्म भरले. या वेळी मुलाखत चांगली झाली. मला कळत होतं, कारण मी बोलत असताना समोरचे लिहीत नव्हते, ऐकत होते. यादीत नाव आलं! ओबीसीतून, वरच्या क्रमांकाला. आईने सांबारवडी केली.

आणि कागदपत्रं तपासायच्या टेबलावर माझं नॉन-क्रिमीलेअर सर्टिफिकेट बाहेर निघालं, ३१ मार्चला मुदत संपलेलं.

मी सात महिने दुसऱ्या बाईच्या कागदांवरची एकेक तारीख तपासली होती. स्वतःच्या कागदाची पाहिली नव्हती. नवीन काढायला धावले, सेतूत अर्ज टाकला, हातापाया पडले. मुदतीत आलं नाही. जागा पुढच्या मुलीला गेली. खुल्या यादीत माझा नंबर बराच खाली होता. त्या दिवशी मी घरी न जाता मेट्रोने खापरीपर्यंत गेले आणि तशीच परत आले. बर्डीला उतरून पुन्हा बसले. कोणाशी बोलवतच नव्हतं.

तुला हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की 'नाही झालं' हा एक शब्द असला तरी त्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. तू मला तिन्हीकडे नाही झालं एवढंच सांगितलंस. कुठे, कशाने, ते आधी काढ. परीक्षेत मार्क कमी पडले असतील तर तो सहा महिन्यांचा अभ्यास आहे. मुलाखतीत पडलीस तर अभ्यासाने भागणार नाही, कुठेतरी जाऊन काम करावं लागेल. कागदाने पडलीस तर आज, म्हणजे खरंच आज, एक फाइल कर आणि प्रत्येक दाखल्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मुदत लिही. आणि जागाच कमी होत्या, तुझ्यात उणं काही नव्हतं, असंही असतं. तेही मान्य कर. संस्थेत फोन करून, नाहीतर जाऊन, शांतपणे विचारलं तर बहुतेक वेळा सांगतात. मुलं लाजेने विचारतच नाहीत.

माझ्या त्या खापरीच्या दिवसानंतर बाबांनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. त्यांचा जन्म मातृ सेवा संघाच्या दवाखान्यातला. ते म्हणाले, कमलाताई होस्पेट यांनी नागपुरात १९२१ मध्ये ती संस्था उभी केली तेव्हा त्यांच्याकडे समाजकार्याची डिग्री होती का? मी शोधलं, तर अशी डिग्रीच देशात नव्हती. समाजकार्य शिकवणारी भारतातली पहिली संस्था मुंबईत निघाली १९३६ मध्ये, जी आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे. म्हणजे कमलाताईंचं काम पंधरा वर्षं आधीचं. बालविधवा झालेली मुलगी, नर्सिंग शिकली आणि बाळंतिणींसाठी उभी राहिली. त्याच मातृ सेवा संघाचं आज बजाजनगरात समाजकार्याचं महाविद्यालय आहे.

यावरून आत्याचंच बरोबर, डिग्री लागत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कमलाताई शिकलेल्या होत्या, त्यांच्या कामाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं होतं. आपल्या कामालाही शिक्षण लागतं, आणि ते मला कसं कळलं तेही सांगते. हे लिहायला जड जातंय.

२०२३ च्या पावसाळ्यात मला एका छोट्या संस्थेत काम मिळालं. रामटेक-पारशिवनीकडच्या गावांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, समुपदेशन, पाठपुरावा. पगार बारा हजार. त्यांना एमएसडब्ल्यू झालेलीच हवी होती, पण मी मावशीच्या अर्जाची वही घेऊन गेले होते, त्यांनी ती चाळली आणि घेतलं. आपल्या विदर्भात सिकलसेल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून त्याला माहीतच नसतं.

एका घरी मी नव्या सुनेचा रिपोर्ट घेऊन गेले. ती एएस. ओसरीवर सासू, जाऊ, शेजारीण बसलेल्या. मी उत्साहाने, सगळ्यांच्या समोर, मोठ्याने समजावून सांगितलं की ही वाहक आहे, घाबरायचं काही नाही, फक्त नवऱ्याचीही तपासणी करू या. मी माझं काम चोख केलं असं वाटून निघाले. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा ती मुलगी माहेरी होती. गावात झालं होतं की सुनेच्या रक्तात खोट आहे. नवऱ्याची तपासणी कोणी करू दिली नाही.

ती परत यायला चार महिने लागले. गावातली आरोग्याची कामं बघणाऱ्या आशाताई मध्ये पडल्या, मी दर आठवड्याला गेले, शेवटी नवऱ्याचं रक्त तपासलं, तो एए, म्हणजे वाहक नसलेला, निघाला, आणि घर शांत झालं. तो एएस निघाला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते.

जानेवारी २०२४ च्या सत्रात मी इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमएसडब्ल्यूला नाव घातलं. व्यक्ती सहाय्य कार्याच्या, म्हणजे एकेका माणसाला मदत कशी करायची या विषयाच्या, पुस्तकात गोपनीयतेचं तत्त्व आहे. दीड पानाचं असेल. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या रात्री पुढे वाचू शकले नाही. हे दीड पान मला आधी कोणी शिकवलं असतं, तर मी त्या मुलीला आधी विहिरीवर, शेतावर, कुठेतरी एकटीला गाठलं असतं. तिचा रिपोर्ट तिचा होता. कोणाला सांगायचा हे तिने ठरवायचं होतं. डिग्री यासाठी लागते, आत्या. नुसत्या चांगल्या मनाने मी एका मुलीचं घर चार महिने मोडलं होतं.

म्हणून काटोलच्या माझ्या बहिणी, 'नाही झालं तर नाही झालं, काम तर असंही करता येतं' असं कोणी म्हटलं तर त्यातलं अर्धंच घे. काम सुरू कर, पण शिकणं सोडू नको.

इग्नूबद्दल तू पुढे विचारशीलच. कोणत्याही शाखेची पदवी चालते, प्रवेश परीक्षा नाही, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्राला प्रवेश होतात, आणि नागपुरात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. साहित्य इंग्रजी-हिंदीत, आपल्याकडच्या मुलांना हिंदी जड जात नाही. क्षेत्रकार्य सक्तीचं आहे, मार्गदर्शकाची सही घेऊन जर्नल द्यावं लागतं. कॉलेजात रोज सोबतीला मुलं असतात, प्राध्यापक कान धरतात, तसं इथे कोणी नसतं. रविवारी सकाळी स्वतःला उठवून बसवावं लागतं. ज्यांना काम करता करता शिकायचं आहे त्यांना मी हे सांगते. ज्यांना कॉलेजचं वातावरण हवं आहे त्यांनी एक वर्ष थांबावं आणि पुन्हा भरावं, त्यात काही कमीपणा नाही.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. यादी लागली की फोन यायला लागतात, मलाही आले. 'मॅडम, एकाच वर्षात एमएसडब्ल्यू, परीक्षेला बसायची गरज नाही, मागच्या तारखेची मार्कशीट.' पंचेचाळीस हजार मागत होते. असल्या कागदाच्या नादी लागू नको. दूरशिक्षणाचं कोणतंही नाव समोर आलं की यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, ते स्वतः बघ. तू उद्या नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षकाच्या जागेसाठी अर्ज करशील तेव्हा पदवी तपासली जाईल. त्या जागेला ही पदवी लागतेच, अनुभवाने भागत नाही.

या वर्षात काय करायचं? वयाने तू बसतेस, गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत 'निर्माण' म्हणून तरुणांसाठी उपक्रम आहे, त्याची शिबिरं असतात, अर्ज करून निवड होते. माझी मैत्रीण जाऊन आली, परत आल्यावर तिने बँकेच्या परीक्षांचे क्लास सोडले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवकांची निवड होते, ते प्रशिक्षण देतात. मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, हे आपल्या किती बायांना माहीत आहे? तुझ्या काटोलात एखादी बाई हे न कळल्याने पोटगीचा अर्ज न करता बसली असेल. झोपडपट्टीतल्या मुलांसोबत खेळायला आवडत असेल तर विजय बारसे सरांनी २००१ पासून नागपुरात उभं केलेलं स्लम सॉकरचं काम बघून ये. पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं एका खेळाच्या शिक्षकाला दिसली, तिथून ते सुरू झालं. यातलं एकच निवड. मी पहिल्या वर्षी फक्त मावशीचा एक अर्ज केला होता, आणि आज विचार केला तर तेच बरं झालं.

आणि वही ठेव.

मावशीचं काम संपलं असं मला वाटलं होतं, पण ते संपलं नाही. गेल्या वर्षी पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात टाकायला सुरुवात झाली आणि तिचे अडकले. आधार केंद्रावर तिने मशीनवर अंगठा ठेवला. नाही आला. मुलाने पुसून पुन्हा ठेवायला लावला. नाही आला. दहाही बोटं झाली. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला, बोटांची टोकं गुळगुळीत, एकही रेघ नाही. राखेने, मग तारेच्या घासणीने, मग त्या हिरव्या साबणाने तीस वर्षं भांडी घासून ती गेली होती. त्यात काही टोपली माझ्या घरची भांडी. मशीनला तिच्या बोटांत माणूसच सापडत नव्हता. मावशी म्हणाली, "माह्या बोटाईत काई रायलं नाई वाट्टे." शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून काम झालं. यंत्र डोळ्यांसमोर धरलं तेव्हा ती इतकी ताठ बसली, जणू लग्नाचा फोटो काढतायत.

दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी ती आता स्वतःच येते, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट घडी करून. मागच्या खेपेला सोबत शेजारची एक बाई घेऊन आली होती. तिला पिशवीतले कागद एकेक काढून दाखवत होती, हा याचा, हा त्याचा. वाचता येत नाही, तरी रंगावरून आणि शिक्क्यावरून सगळे ओळखते.

या शनिवारी मी घरी आहे, दुपारी दोननंतर. काटोलहून बसने ये, गणेशपेठ स्टँडवर उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येते. तिन्ही ठिकाणची पत्रं, मार्कशीट आणि सगळे दाखले सोबत आण. नॉन-क्रिमीलेअर कधीपर्यंतचं आहे ते आजच बघून मला कळव.